त्या घरी पिल्लू द्यायचं नाही

“अण्णा, कुत्रीला पहिल्याच माजाला जोडा का हो लावत नाहीत?”

विचारला बाई एकदाचा! एका दमात विचारला.

प्रश्न मुळात माझा नव्हे. शाळेच्या मधल्या सुट्टीत आवळे खाता खाता चिमा जोगळेकरने तो माझ्या गळ्यात मारला होता. आमच्या घरी कुत्री पाळतात, जोपासतात, पिल्लं लोकांना देतात, हे साऱ्या वर्गाला ठाऊक. चिमा म्हणाली, “मथे, एवढी धीट समजत्येस ना स्वतःला? मग विचार बघू वडलांना. तोंडावर विचारायचं हं, खाली मान घालून नाही.” कुसुम म्हणाली, “अगो, मार खाईल ती!” झालं. इंग्रजी चौथीतली मुलगी मी, परवाच्या संमेलनात भाषण ठोकून टाळ्या घेतलेली. मी माघार घेत्ये होय?

रविवारची सकाळ होती. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन पडवीत आलं होतं. अण्णा कापसाच्या बोळ्याने आमच्या बकुळी कुत्रीच्या पिल्लांचे कान पुसत बसले होते आणि आई उंबऱ्याशी वाल सोलत होती. माझा प्रश्न ऐकून तिच्या हातातला वाल उडून अंगणात पडला.

“कार्टे! हे काय विचारणं?”

पण अण्णा हसले. कुत्र्यांविषयी कुणी काही विचारलं की त्यांना आनंदच व्हायचा. “विचारू दे गो. पिल्लांचं सगळं करत्ये ती, तर एवढं कळायलाच हवं. हे बघ मथे, पहिल्या माजाला कुत्री वयात आली असं दिसतं, पण ती वाढलेली नसते. कमरेचं हाड कोवळं असतं. तिचं स्वतःचंच अंग भरायचं असतं, त्यात पिल्लांना कुठून पुरवणार? पिल्लू अडतं. बऱ्याच वेळा आई नि पिल्लू दोन्ही जातात. ज्याला माया आहे तो थांबतो. ज्याला फक्त पिल्लं हवीत तो थांबत नाही. तो माणूस नव्हे, खाटीक!”

बोलून अण्णा पुन्हा कान पुसायला लागले. त्यांना काही जाणवलं नाही. पण आईचे हात थांबले होते. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. आमच्या घरात असं ‘दोन्ही’ गेलेलं माणूस एकच होतं. माझी द्वारकाताई.

आता आधी अण्णांच्या कुत्र्यांविषयी सांगत्ये, म्हणजे पुढचं कळेल.

माझे वडील हरिहर गद्रे रत्नागिरीच्या कचेरीत अव्वल कारकून. एक साहेब विलायतेला परत जाताना आपला स्पॅनियल कुत्रा, जिमी, अण्णांच्या हवाली करून गेला. बिचाऱ्या जिमीचे लांब केसाळ कान आमच्या कोकणच्या पावसात सडायचे. केसांत गोचिड्या व्हायच्या. स्वभाव मात्र असा की पाहुण्याच्या पायावर डोकं ठेवून झोपायचा. अण्णांनी विचार केला, हा स्वभाव राहावा आणि अंग मात्र इथल्या हवेला टिकणारं व्हावं. म्हणून त्यांनी आमच्या गावठी चांदीशी त्याचा जोडा लावला. त्यातून बकुळी झाली. वाळलेल्या बकुळीसारखा रंग, आखूड केस, अर्धे उभे नि अर्धे लोंबते कान. आळीतले लोक हिणवायचे, “गद्र्यांकडची बाटगी पिल्लं! ना साहेबाची, ना गावची.” अण्णा शांतपणे सांगायचे, “वेगळं रक्त मिसळलं की जनावर निरोगी निपजतं. एकाच रक्तात घोळत राहिलात तर रोगच वाढतील.” पुढे हेच हिणवणारे लोक पिल्लू मागायला आले.

पण मागितलं की मिळालं, असं नव्हतं हो! चावऱ्या जनावराचा जोडा अण्णा लावत नसत. दोन वर्षांची झाल्याशिवाय कुत्रीला जोडा नाही, आणि एक वेत झालं की पुढचं वर्ष तिला पुरी विश्रांती. पिल्लू द्यायच्या आधी स्वतः त्या घरी जात. ते निजणार कुठे, त्याला खाऊ कोण घालणार, पोरं दगड मारतात का, सगळं बघत. देताना निक्षून सांगत, “नाही सांभाळता आलं तर माझ्या दारात आणून सोडा, मी रागावणार नाही. पण रस्त्यावर सोडलंत तर गाठ माझ्याशी आहे.” एका वकिलाने दारावर भुंकायला म्हणून पिल्लू मागितलं, तर त्याला म्हणाले, “तुम्हाला भुंकणारं हवंय, सोबती नकोय. कुलूप आणा.” आम्ही मुली पोट धरधरून हसलो होतो तेव्हा.

असे माझे अण्णा. आणि ताईचं लग्न ठरवलं तेव्हा घर न बघता ठरवलं.

चौदाच्या आतल्या मुलींची लग्नं बंद करणारा शारदा कायदा लागू व्हायच्या आत मुली उजवायची रत्नागिरीत केवढी घाई उडाली होती! भटजींना दोन घास जेवायला उसंत नव्हती. ताई तेव्हा अकरा वर्षांची. दाभोळचे भावे, कूळ नामांकित, पत्रिका जुळली, गोत्र वेगळं, बस्स. ती निजणार कुठे, तिला खाऊ कोण घालणार, कुणी विचारलं नाही. निघताना ताई फार रडली, म्हणून पुढे अण्णांनी सोबतीला तिच्याकडे पिल्लू पोचवलं. तीच ही बकुळी.

पिल्लू पोचवलं त्याच वर्षीच्या दिवाळीत अण्णा मला घेऊन आगबोटीने दाभोळला गेले होते. ताई तेव्हा तेरा वर्षांची. न्हातीधुती झाल्याबरोबर तिच्या सासूने, यमुनाबाईने, गर्भाधान उरकून घेतलं होतं. मनगटं माझ्यापेक्षा बारीक आणि पोट मात्र पुढे आलेलं. मागच्या अंगणात बकुळी बांधलेली. तिचंही पोट खाली लोंबत होतं. अजून दुधाचे दात पडून फार दिवस झाले नव्हते, एवढी ती लहान.

अण्णांनी ते पाहिलं मात्र, असे संतापले! मी त्यांना तसं कधी पाहिलेलं नाही. “हे कुणी होऊ दिलं? पोर आहे ती अजून!” यमुनाबाई म्हणाली, “कुत्रीचं ते काय एवढं? पिल्लं मागत होते लोक.” अण्णांनी त्याच क्षणी दोरी सोडली, बकुळीला उचलून टोपलीत घातलं आणि दारातूनच सांगितलं, “पुन्हा या घरी माझं जनावर यायचं नाही.”

ताई ओटीवर खांबाला धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, “अण्णा, मला पण न्या की.”

अण्णा हसले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “वेडी! हेच तुझं घर आता. आठव्यात येतोच की न्यायला.”

परतीच्या बोटीत टोपली माझ्या मांडीवर होती. घरी आल्यावर अण्णांनी रजा काढली. बकुळीची पिल्लं मेलेलीच निघाली, पण अण्णा तिच्यापाशी बसून राहिले, चमच्याने पेज पाजली आणि तिला वाचवलं. ताईचा आठवा महिना उजाडलाच नाही. सातव्यातच ती अडली आणि गेली. बाळही गेलं. निरोप आला तेव्हा बकुळी अण्णांच्या पायाशी निजली होती.

तर त्या रविवारी, माझ्या प्रश्नाला एवढं सुरेख उत्तर देऊन झाल्यावर, अण्णा हात पुसत आईला म्हणाले, “अगो, सांगायचं राहिलं. दाभोळहून निरोप आलाय. पुढल्या रविवारी यमुनाबाई नि जावई रघुनाथराव येतायत. मथीला बघायला.”

“बघायचं काय राहिलंय?” आई खाली मान घालून म्हणाली. “बघितलेलीच आहे.”

“तेच तर. घर माहितीतलं, माणसं माहितीतली. ताईच्या जागी धाकटी गेली म्हणजे नातंही टिकतं. थांबले होते बिचारे, हिला चौदावं पुरं व्हायला. कायदाही मोडत नाही.”

थांबले होते! माझ्या वाढण्याकडे डोळे लावून दोन वर्षं ती माणसं थांबली होती. मी मोठमोठ्याने रडेन असं मला वाटलं, पण रडू आलंच नाही. डोकं एकदम थंड झालं. माझ्या मनात एकच गोष्ट आली. या माणसांना असं तोंडघशी पाडायचं की जन्मभर आठवण राहील. आणि या माणसांत अण्णाही आले.

सोमवारी चिमाला सगळं सांगितलं. आवळा तिच्या हातातच राहिला. “पळून ये आमच्याकडे,” ती म्हणाली.

“पळायचं त्यांनी,” मी म्हटलं. “मी कशाला पळू? अगो, तूच मला हत्यार दिलंयस. यमुनाबाईला पिल्लं आवडतात. तिला फक्त पिल्लू मागायला लावायचं. पुढचं सगळं अण्णाच बोलतील.”

रविवार उगवला. मी शहाण्या मुलीसारखी वेणी घातली, हिरवं लुगडं नेसले. आई माझ्याकडे संशयाने बघत होती. “बरी गप्प आहेस गो आज?” मी म्हटलं, “गप्प मुली आवडतात ना त्यांना?” मग पिल्लांची टोपली न्हाणीघराजवळून उचलून पडवीच्या मधोमध, पाहुण्यांच्या पाटांसमोर आणून ठेवली. अण्णा म्हणाले, “इथे कशाला?” मी म्हटलं, “ऊन लागतंय त्यांना इथे.”

यमुनाबाई आली. तिचे यजमान संधिवाताने अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे सगळा कारभार तिचाच. मागून भाऊजी. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मला बाजारातल्या फणसाची आठवण झाली. असंच टिचकी मारून बघतात, पिकलाय का.

“भरल्ये हो पोर,” यमुनाबाई आईला म्हणाली. “द्वारका किरकोळच होती. ही काटक दिसत्ये.” मग तिने कमरेच्या पिशवीतून एक पुडी काढली आणि उलगडली. आत रुप्याचा टाक होता. बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. “घडवूनच आणलाय. लग्नात हिच्या गळ्यात घालायचा. सवतीचा टाक गळ्यात असला म्हणजे पहिली नडत नाही.”

आई भिंतीला टेकली. मी पुढे झाले आणि टाक हातात घेतला. नाकडोळे काही नव्हतेच, नुसते टोचे मारलेले. ती माझी ताई होती. मी मूठ मिटली.

तेवढ्यात टोपलीतून एक पिल्लू धडपडत बाहेर आलं आणि यमुनाबाईच्या पदराशी खेळायला लागलं. शाबास रे माझ्या राजा!

“अगोबाई, काय गोजिरवाणं! कान तरी बघा कसे!” तिने ते मांडीवर घेतलं.

“मागा की अण्णांकडे,” मी अगदी गोड आवाजात म्हटलं. “तुम्हाला कशाला नाही म्हणतील?”

“खरंच हो व्याही,” यमुनाबाई म्हणाली, “मुलीबरोबर यातलं एक पिल्लूही द्या.”

“पिल्लू नाही मिळायचं,” अण्णा म्हणाले. विचार करायला एक क्षणही लागला नाही त्यांना.

“का बरं?”

“का ते तुम्हाला ठाऊक आहे.”

“मला नाही ठाऊक,” मी म्हटलं. “सांगा ना अण्णा.”

“मथे, तू आत जा.”

“जात्ये. ऐकून जात्ये.”

भाऊजी हसले. “अजून त्या कुत्रीचाच राग धरून बसलात होय? एवढ्याशा गोष्टीवरून?”

त्या हसण्याने अण्णा पेटले. “एवढीशी गोष्ट? रघुनाथराव, कोवळा जीव विश्वासाने तुमच्या हवाली केला होता मी. तुम्ही त्याची वाढ होऊ दिली नाहीत! लोक मागतायत म्हणून पोरवयात पोट वाढवलंत. मरणाच्या दारातून ओढून आणावं लागलं मला. ज्या घराने माझा एक जीव असा वापरला, त्या घरी मी दुसरा देणार नाही. साक्षात ब्रह्मदेव मागायला आला तरी नाही!”

पिल्लू यमुनाबाईच्या मांडीवर पदर चोखत होतं.

“दुसरा जीव देणार नाही ना?” मी म्हटलं. “मग मी कोण, अण्णा?”

अण्णांनी टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हा क्षण मी आठवडाभर मनात घोळवला होता. त्यांचा चेहरा उतरताना बघून मला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. नाही वाटलं. मला आणखी बोलायचं होतं.

“बकुळीला टोपलीत घालून आणलंत तेव्हा ताई त्याच ओटीवर उभी होती. तिचंही हाड कोवळं होतं. तिचंही अंग भरलं नव्हतं. जो थांबत नाही तो खाटीक, हे तुमचेच शब्द, याच पडवीतले. कुत्रीसाठी रजा काढलीत, पेज पाजलीत. तिचं घर बघितलंत, स्वभाव बघितलात, रक्त वेगळं हवं म्हणून गावाशी भांडलात. ताईचं काय बघितलंत? पत्रिका!”

“पोर भलतीच शेफारल्ये,” यमुनाबाई पिल्लू खाली टाकत म्हणाली. “घाला आणखी इंग्रजी शाळेत! आमची द्वारका बघा, कधी वर तोंड करून बोलली नाही.”

“बोलली होती! ‘मला पण न्या’ म्हणाली होती. तुम्ही ऐकलंत, भाऊजींनी ऐकलं, अण्णांनी ऐकलं. टोपलीतल्या कुत्रीनेसुद्धा ऐकलं असेल.”

“टाक दे इकडे,” यमुनाबाईने हात पुढे केला. “नसेल यायचं तर राहा इथेच. पुष्कळ मिळतील मुली.”

“टाक देणार नाही.”

“अगो कार्टे, तो गळ्यात नसला तर ती नडेल आमच्या घराला!”

“नडू दे!” मी ओरडले. समोरच्या आळीतल्या बायका कुंपणाशी आल्या होत्या, त्यांनाही ऐकू जावं म्हणून आणखी मोठ्याने ओरडले. “ताटात नडू दे, अंथरुणात नडू दे, तुमच्या दुसऱ्या सुनेच्या प्रत्येक दुखण्यात नडू दे! जिवंतपणी कुणाला नडली नाही ती. आता तरी नडू दे. नवा टाक घडवायला जाल तेव्हा सोनार विचारील, पहिल्याचं काय झालं? सांगा त्याला, धाकट्या बहिणीने ठेवून घेतला.”

भाऊजी पाटावरून उठले आणि अण्णांकडे बघत म्हणाले, “तुम्ही काही बोलणार आहात की नाही?”

बोलली ती आई, आणि तीही हातांनी. माजघरात जेवणाची पानं मांडलेली होती, रांगोळी काढलेली होती. आई आत गेली आणि एक पान उचललं. मग दुसरं. वाढलेलं मीठ, लिंबू, सगळ्यासकट उचललं, परसात गेली आणि म्हशीसमोर टाकलं. परत येऊन उंबऱ्यात उभी राहिली. “विहीणबाई,” ती म्हणाली, “निघा. बोट चुकेल.”

बोट संध्याकाळची होती. पण ती दोघं निघाली. फाटकाशी बकुळी उभी होती. ती कधी कुणावर भुंकत नाही, पण यमुनाबाईला बघून तिने जो आवाज काढला, तो मी पुन्हा कधी ऐकलेला नाही.

नंतर बराच वेळ अण्णा टोपलीपाशी बसून होते. पिल्लं त्यांच्या बोटांना चावत होती आणि ते चावू देत होते. आई खांबाला टेकून उभी होती. अण्णा म्हणाले, “मथे, मला वाटलं होतं गो, माणसाचं निराळं असतं.”

मी त्यांना समजावलं नाही. समजावण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी पडवीतल्या खुंटीला सुतळी बांधली, टाक त्यात ओवला आणि बरोबर टोपलीच्या वर, दारातून आत येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येईल असा टांगला. आई दचकली. “अगो, देवातला असतो तो!”

“देवात ठेवला की कुणाला दिसत नाही,” मी म्हटलं. “आई, अण्णा, दोघंही ऐका. मी मॅट्रिक होणार. माझं अंग भरेल, माझं डोकं भरेल, मग लग्नाचं काय ते मी सांगेन. तोवर या घरात मला बघायला येणाऱ्यांसाठी पाट मांडायचा नाही. आणि आजपासून पिल्लं कुणाला द्यायची ते मी ठरवणार. घर बघायला मी जाणार. वकील असो, मामलेदार असो, त्याने आधी या टाकाकडे बघायचं. कुत्रं कुठे निजेल, काय खाईल, ते मी मागाहून विचारीन. पहिला प्रश्न एकच असेल: तुमच्या घरातली सून किती वर्षांची आहे?”